मैत्री-करार कसा वाचावा? शेजारी राष्ट्रांमधील करारांच्या अभ्यासाची पायरीवार पद्धत

फिनलंड आणि सोव्हिएत संघ यांच्यात ६ एप्रिल १९४८ रोजी मॉस्कोत झालेल्या मैत्री, सहकार्य व परस्पर साहाय्य कराराची कलमे अवघी आठ आहेत आणि ती सावकाश वाचायलाही दहा-पंधरा मिनिटे पुरतात. त्या आठ कलमांनी एका छोट्या देशाचे परराष्ट्रधोरण जवळजवळ चव्वेचाळीस वर्षे आखून दिले. एवढ्याशा मजकुरात एवढा परिणाम कोठे दडलेला असतो, हे शोधण्याची पद्धत या लेखात सांगितली आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास करणारे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांचे उमेदवार आणि शेजारी देशांविषयी लिहिणारे पत्रकार यांना ती उपयोगी पडावी. मुख्य उदाहरण फिनलंडच्या कराराचे घेतले आहे, कारण दोन गटांत वाटल्या गेलेल्या जगात मोठ्या शेजाऱ्याशी कागदावर कसे वागावे याचा इतका बारकाईने घडवलेला नमुना दुसरा सहसा सापडत नाही. तुलनेसाठी भारताचे नेपाळ, भूतान व बांगलादेश यांच्याशी झालेले करार आणि इतर काही करार जागोजागी घेतले आहेत.

सुरुवातीची तयारी

कराराबद्दलच्या बातम्या किंवा सारांश वाचून अभ्यास सुरू करू नये. मूळ संहिता मिळवावी. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या १०२व्या कलमानुसार सदस्य राष्ट्रांनी आपले करार संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात नोंदवायचे असतात आणि हे नोंदवलेले करार प्रसिद्ध केले जातात, त्यामुळे बहुतेक संहिता तेथे सापडतात. भारताच्या करारांसाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही शोध घेता येतो. संहिता हाती आली की सर्वात आधी शेवटचे पान पाहावे, कारण कोणत्या भाषेतील मजकूर अधिकृत आहे हे तेथे लिहिलेले असते. फिनलंडच्या कराराचे फिनिश आणि रशियन असे दोन्ही मजकूर सारख्याच दर्जाचे आहेत. आपण वाचतो तो इंग्रजी मजकूर केवळ भाषांतर आहे, हे लक्षात ठेवले तर एखाद्या शब्दावर नको तितका भार टाकण्याची चूक टळते.

संहितेबरोबर तीन गोष्टी जवळ असाव्यात: दोन्ही देशांचा डोंगर, नद्या आणि बंदरे दाखवणारा नकाशा, त्या काळातील घटनांची तारीखवार यादी, आणि त्याच दोन देशांमधील आधीचा करार, असल्यास. यांतील तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि पुढे भूतानच्या उदाहरणात दिसेल तसे अनेकदा सर्वाधिक माहिती तीच देते.

नावाकडेही एक नजर टाकावी. मराठीत ‘तह’ म्हटले की पुरंदर, वसई, सालबाई आठवतात, म्हणजे लढाई थांबल्यानंतरची तडजोड. ‘करार’ हा शब्द त्यामानाने कोरडा आहे. नावावरून मात्र फार निष्कर्ष काढू नयेत. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेल्या वसईच्या तहाचे पहिले कलमही उभयतांमधील मैत्री कायम राहील आणि एकाचे मित्र व शत्रू ते दोघांचेही मित्र व शत्रू समजले जातील, याच भाषेत सुरू होते. तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख आणि इंग्रजांना विचारल्याखेरीज इतर सत्तांशी बोलणी न करण्याचे बंधन हे सारे त्यामागून येते.

पहिली पायरी: तारखेच्या आजूबाजूचे दिवस तपासावेत

करारावरील तारीख घ्यावी आणि तिच्या आधीचे सहा-आठ महिने व नंतरचे सहा-आठ महिने यांत त्या भागात काय घडले ते लिहून काढावे. फिनलंडच्या बाबतीत ही यादीच अर्धा अर्थ सांगते. फेब्रुवारी १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने रुमानिया आणि हंगेरी यांच्याशी परस्पर साहाय्याचे करार केले. त्याच महिन्याच्या २२ तारखेच्या पत्राने स्टालिनने फिनलंडचे अध्यक्ष पासिकिवी यांना तशाच धर्तीचा करार सुचवला, आणि त्याच आठवड्यात चेकोस्लोव्हाकियातील सत्ता कम्युनिस्टांच्या हाती गेली. म्हणजे फिनलंडचे शिष्टमंडळ मॉस्कोला निघाले तेव्हा नकार देण्याची किंमत काय असू शकते याचे ताजे दृश्य त्यांच्यासमोर होते. सोव्हिएत संघाशी झालेले हिवाळी युद्ध आणि त्यानंतरचे युद्ध मिळून दोनदा हार पत्करलेला, १९४७च्या पॅरिस शांतता कराराने प्रदेश गमावलेला आणि राजधानीपासून सुमारे तीस किलोमीटरवरील पोर्कला हा भाग नौदल तळासाठी सोव्हिएत संघाला भाडेपट्ट्याने द्यावा लागलेला असा तो देश होता.

भारत-नेपाळ शांतता व मैत्री करारावर ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत सह्या झाल्या. त्याआधी ऑक्टोबर १९४९ मध्ये चीनमध्ये नवे प्रजासत्ताक घोषित झाले होते आणि पुढे ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी फौजा तिबेटमध्ये शिरल्या. मधल्या काळातील दिल्लीची काळजी कराराच्या कलमांत उमटलेली आहे. फेब्रुवारी १९५१ मध्ये तर ज्या राणा राजवटीने हा करार केला तिचीच सत्ता गेली.

दुसरी पायरी: सह्या कोणाच्या आहेत ते पाहावे

ही पायरी छोटी आहे, पण गाळू नये. नेपाळच्या करारावर नेपाळतर्फे पंतप्रधान मोहन शमशेर जंगबहादूर राणा यांची आणि भारतातर्फे राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह यांची सही आहे. कायद्याच्या दृष्टीने याने काही बिघडत नाही, कारण अधिकारपत्र असलेला राजदूत सही करू शकतो. नेपाळमध्ये मात्र पंतप्रधानासमोर राजदूत बसवल्याचा सल आजही बोलून दाखवला जातो. याउलट १९ मार्च १९७२ रोजी ढाक्यात झालेल्या भारत-बांगलादेश मैत्री, सहकार्य व शांतता करारावर इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान या दोन पंतप्रधानांनी सह्या केल्या.

सहीनंतर त्या देशाच्या संसदेने काय केले हेही याच पायरीत तपासावे. फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांच्यातील २२ जानेवारी १९६३च्या एलिझे करारावर फ्रान्सचे अध्यक्ष द गोल आणि जर्मन चान्सलर आडेनाउअर यांनी सह्या केल्या, पण जर्मन संसदेने त्याला मान्यता देताना आपली एक उद्देशिका जोडली आणि तीत अमेरिकेशी असलेली भागीदारी, नाटो व युरोपीय आर्थिक समुदाय यांच्याशी बांधिलकी ठळकपणे नोंदवली. अमेरिकेपासून काहीसे अंतर राखणारी युरोपीय जोडी उभी करावी हा द गोल यांचा हेतू होता. त्यांच्या करारातील एकही शब्द न बदलता जर्मन संसदेने त्याची दिशा वळवली.

तिसरी पायरी: उद्देशिकेतील ‘जादा’ वाक्य शोधावे

शांतता, परस्पर आदर, ऐतिहासिक संबंध, संयुक्त राष्ट्रांची सनद या गोष्टी जवळजवळ प्रत्येक उद्देशिकेत असतात. त्या खुशाल ओलांडाव्यात आणि त्या एकाच करारात असणारे वाक्य शोधावे. फिनलंडच्या उद्देशिकेत असे वाक्य आहे: महासत्तांच्या परस्परविरोधी हितसंबंधांपासून बाहेर राहण्याची फिनलंडची इच्छा विचारात घेऊन हा करार केला जात आहे. रुमानिया व हंगेरीच्या करारांत असे काही नाही. हे वाक्य कोणाला काही करायला किंवा न करायला सांगत नाही. पण करारांच्या कायद्यासंबंधीच्या १९६९च्या व्हिएन्ना संकेताच्या ३१व्या कलमानुसार उद्देशिका हा संदर्भाचा भाग आहे आणि कलमांचा अर्थ लावताना ती वाचावी लागते. फिनलंडने पुढे अनेक वर्षे आपल्या तटस्थतेचा आधार म्हणून याच ओळीकडे बोट दाखवले.

चौथी पायरी: संरक्षणाचे कलम पाच प्रश्नांनी उकलावे

करारातील सर्वाधिक वेळ येथे द्यावा. संरक्षणविषयक कलम कोठेही असू शकते; त्यातील शब्द मोठमोठे असतात, पण त्याचा खरा भार क्रियापदावर असतो. कागदावर पुढील पाच प्रश्न लिहावेत आणि प्रत्येकाचे उत्तर करारातीलच शब्दांत शोधावे: हल्ला कोणाकडून होणार असे धरले आहे? तो कोठे व्हायला हवा? तो झाला आहे किंवा होऊ घातला आहे हे ठरवणार कोण? मग करायचे काय? आणि ते आपोआप करायचे, की पुन्हा बसून ठरवायचे?

फिनलंडच्या पहिल्या कलमाला हे प्रश्न लावून पाहू. हल्ला करणारा म्हणून जर्मनी किंवा तिच्याशी युती केलेले राष्ट्र नमूद केले आहे. हल्ला फिनलंडवर, किंवा फिनलंडच्या प्रदेशातून सोव्हिएत संघावर झाला पाहिजे. जगात इतरत्र कोठे सोव्हिएत संघावर संकट आले, तर फिनलंडवर काहीच बंधन नाही. तसा हल्ला झाला तर फिनलंड स्वतंत्र राष्ट्र या नात्याने आपल्या सर्व बळानिशी लढेल, पण आपल्या सीमांच्या आत, आणि गरज पडल्यास सोव्हिएत संघाच्या मदतीने किंवा त्याच्यासमवेत. ही मदत केव्हा व कशी द्यायची ते दोन्ही पक्ष आपसांत ठरवतील. दुसरे कलम सांगते की अशा हल्ल्याचा धोका निर्माण झाल्याचे सिद्ध झाले, तर दोन्ही पक्ष सल्लामसलत करतील.

आता रुमानियाच्या करारातील साहाय्याचे कलम शेजारी ठेवावे. तेथे एक पक्ष लढाईत ओढला गेला, तर दुसऱ्याने ताबडतोब लष्करी व इतर मदत द्यायची आहे. सीमांच्या आत ही मर्यादा नाही आणि ‘आपसांत ठरवू’ ही पायरीही नाही. मॉस्कोने मांडलेल्या नमुन्याऐवजी फिनिश मसुद्याच्या आधारावर बोलणी झाली, त्याचे फळ हे. दोन्ही करारांची नावे जवळजवळ सारखी असूनही एक देश सोव्हिएत लष्करी गटात गेला आणि दुसरा त्याबाहेर राहिला. याला इतरही कारणे होती हे खरे. तरी वाटाघाटींच्या टेबलावर ‘ताबडतोब’ हा एक शब्द टाळण्यासाठी किती श्रम घेतले जात असावेत याची कल्पना या दोन कागदांवरून येते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहून थांबू नये, कारण शत्रूचे वर्णन करणारे शब्द काळाबरोबर आपोआप रुंदावतात. १९४८ मध्ये ‘जर्मनीशी युती केलेले राष्ट्र’ ही जागा जवळजवळ रिकामी होती. मे १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी नाटोत दाखल झाली आणि करारातील एक अक्षरही न हलता फिनलंडचा शेजारी नॉर्वे व जवळचा डेन्मार्क हे दोघेही त्या वर्णनात बसू लागले. पुढचा पेच येथूनच उभा राहिला. तो नवव्या पायरीत येईल.

हेच पाच प्रश्न इतर करारांना लावले की फरक पटकन दिसतो. चीन आणि उत्तर कोरिया यांच्या ११ जुलै १९६१च्या करारात एकावर हल्ला होताच दुसऱ्याने तत्काळ लष्करी मदत द्यायची आहे. १९७२च्या भारत-बांगलादेश कराराच्या नवव्या कलमात मदतीचे वचन नाही: एखाद्या पक्षावर हल्ला झाला किंवा तशी भीती निर्माण झाली, तर ती दूर करण्यासाठी तत्काळ परस्पर सल्लामसलत करायची आहे. सल्लामसलतीचे हे कलम म्हणजे लष्करी युती, असे लिहिलेले मी अनेकदा वाचले आहे. तसे लिहू नये.

पाचवी पायरी: ‘करणार नाही’ अशी वाक्ये वेगळी काढावीत

काय करू यापेक्षा काय करणार नाही हे शेजाऱ्यांच्या करारात बहुधा अधिक टिकाऊ ठरते. फिनलंडच्या चौथ्या कलमात दुसऱ्या पक्षाविरुद्ध रोखलेली युती न करण्याचे वचन आहे. बांगलादेश कराराच्या आठव्या कलमात तेच वचन आहे आणि शिवाय आपल्या भूमीचा वापर दुसऱ्याच्या सुरक्षेला धोका पोहोचवण्यासाठी होऊ देणार नाही, असेही म्हटले आहे.

या पायरीवर ‘रोखलेली’ या विशेषणाकडे लक्ष द्यावे. अशा कलमाने सर्व युतींना बंदी होत नाही. दुसऱ्या पक्षाविरुद्ध असलेल्या युतीला होते. मग एखादी युती कोणाविरुद्ध आहे हे कोण ठरवणार, हा प्रश्न उरतोच, आणि व्यवहारात त्याचे उत्तर बलाढ्य शेजारी देतो.

भूतानचे दोन करार येथे शेजारी ठेवून वाचावेत. १९१० च्या पुनाखा करारात भूतानने आपल्या परराष्ट्रसंबंधांत ब्रिटिश सरकारच्या सल्ल्यानुसार चालण्याचे मान्य केले होते. स्वतंत्र भारताने ८ ऑगस्ट १९४९ रोजी दार्जिलिंगला केलेल्या कराराच्या दुसऱ्या कलमात सरकारचे नाव बदलले, वाक्य तेच राहिले. सोबत भूतानच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचे वचन होते. ८ फेब्रुवारी २००७ च्या नव्या करारातील दुसऱ्या कलमातून ‘सल्ला’ हा शब्दच गेला. त्याऐवजी राष्ट्रीय हिताच्या प्रश्नांवर दोन्ही सरकारे निकट सहकार्य करतील आणि कोणीही आपली भूमी दुसऱ्याच्या सुरक्षेला व हिताला बाधक कामांसाठी वापरू देणार नाही, असा मजकूर आला. बंधन एका बाजूवरून दोन्ही बाजूंवर आले. येथे मजकूर वर्तनाच्या मागून आला, हेही नोंदवावे: भूतान १९७१ मध्येच संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला होता आणि ‘सल्ला’ बंधनकारक नाही असा अर्थ थिंफूत बराच आधीपासून लावला जात होता.

सहावी पायरी: सोबतची पत्रे मिळवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये

अनेक करारांबरोबर त्याच दिवशी दोन्ही बाजू पत्रांची देवाणघेवाण करतात. व्हिएन्ना संकेतानुसार अशी पत्रेही अर्थ लावण्याच्या संदर्भात येतात. नेपाळच्या करारात हल्ल्याविषयी फारसे काही नाही; शेजारी राष्ट्राशी गंभीर तेढ निर्माण झाली, तर एकमेकांना कळवायचे एवढेच दुसरे कलम सांगते. खरा मजकूर पत्रांत आहे. परकीय आक्रमकाकडून दुसऱ्याच्या सुरक्षेला निर्माण होणारा धोका कोणतेही सरकार सहन करणार नाही आणि अशा वेळी दोघे सल्लामसलत करून उपाय योजतील, असे त्यांत म्हटले आहे. ही पत्रे कित्येक वर्षे जाहीर झाली नव्हती. त्या काळात केवळ करार वाचून लिहिणाऱ्या प्रत्येकाने, आपला काही दोष नसताना, अर्धाच करार वाचला होता.

पत्रे नेहमी बलवान बाजूच्याच कामी येतात असे मात्र नाही. सहाव्या कलमाने एकमेकांच्या नागरिकांना औद्योगिक व आर्थिक विकासात आपल्या नागरिकांसारखी वागणूक देण्याचे मान्य केले आहे. पत्रात भारताने हेही मान्य केले की नेपाळी नागरिकांना नेपाळमध्ये काही काळ मुक्त स्पर्धेपासून संरक्षण द्यावे लागेल. कलम वाचून नेपाळवर अन्याय झाला असे म्हणणाऱ्याने आणि तसे मुळीच नाही असे म्हणणाऱ्यानेही हे वाक्य पाहिले पाहिजे.

सातवी पायरी: रोजच्या जगण्याची कलमे

संरक्षणाच्या कलमांमुळे करार बातमीत येतो, पण लोकांच्या अनुभवाला येतात ती निवास, व्यापार, नद्या आणि शिक्षण यांविषयीची कलमे. नेपाळच्या कराराचे सातवे कलम एकमेकांच्या नागरिकांना निवास, मालमत्ता, व्यापार आणि ये-जा यांबाबत परस्पर सवलती देते; मुंबई-पुण्यात काम करणाऱ्या नेपाळी माणसाला येथे राहण्यासाठी व्हिसा लागत नाही, त्यामागे जुन्या वहिवाटीबरोबर हे कलमही उभे आहे.

अशी कलमे वाचताना त्यांना यंत्रणा जोडली आहे का, हे पाहावे. ‘सांस्कृतिक संबंध दृढ केले जातील’ हे वाक्य कोणी पाळले नाही तरी कोणाच्या लक्षात येत नाही. एलिझे कराराने मात्र वेळापत्रक दिले: दोन्ही देशांचे प्रमुख वर्षातून किमान दोनदा आणि परराष्ट्रमंत्री दर तीन महिन्यांनी भेटतील. त्याच वर्षी जुलैमध्ये युवकांच्या देवाणघेवाणीसाठी स्वतंत्र संयुक्त कार्यालय उभे राहिले. नेत्यांचे पटले नाही तरी भेटीची तारीख येतच राहिली. माझ्या मते शेजाऱ्यांच्या करारातील सर्वात दुर्लक्षित आणि सर्वात उपयोगी गोष्ट म्हणजे असे कंटाळवाणे वेळापत्रक.

आठवी पायरी: मुदत आणि बाहेर पडण्याची वाट

शेवटच्या दोन-तीन कलमांत करार किती वर्षांचा आहे, तो आपोआप वाढतो का आणि सोडायचा असल्यास किती आधी कळवायचे, हे असते. येथे चार प्रकार दिसतात. ठरावीक मुदतीचा करार: बांगलादेशाशी झालेला करार पंचवीस वर्षांचा होता, १९९७ मध्ये संपला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. आपोआप वाढणारा करार: रशिया-युक्रेनचा ३१ मे १९९७ चा मैत्री, सहकार्य व भागीदारी करार दहा-दहा वर्षांनी वाढणार होता, २०१८ मध्ये युक्रेनने तो पुढे न वाढवण्याची सूचना दिली आणि २०१९ मध्ये तो संपला. पूर्वसूचनेने सोडता येणारा: नेपाळचा करार एक वर्षाची सूचना देऊन कोणीही संपवू शकतो. आणि दोघांच्या संमतीखेरीज न सुटणारा: चीन-उत्तर कोरिया करारात दोन्ही पक्ष मान्य करीपर्यंत तो चालूच राहील, असे आहे.

मुदत पाहताना नूतनीकरणाच्या वेळी कोणी काय मिळवले, ते तपासावे. फिनलंडचा करार मुळात दहा वर्षांचा होता, पण १९५५ मध्येच तो वीस वर्षांनी वाढवला गेला, आणि त्याच वेळी पोर्कला मुदतीआधी परत मिळाले. पन्नास वर्षांसाठी दिलेला हा तळ जानेवारी १९५६ मध्ये फिनलंडच्या ताब्यात आला. पुढे १९७० आणि १९८३ मध्येही करार वीस-वीस वर्षांनी वाढला, दोन्ही वेळा मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी. लवकर झालेले नूतनीकरण दिसले की त्याच्या आसपास काहीतरी देवाणघेवाण झाली आहे का, हे शोधावे.

नेपाळबाबत येथे एक प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात: करार एवढा सलतो, तर एक वर्षाची सूचना देऊन काठमांडूने तो सोडला का नाही? उत्तर सातव्या पायरीत आहे. संरक्षणाची कलमे आणि निवासाची कलमे एकाच कागदावर आहेत. पहिली सोडायची तर दुसरीही जातात. करारांचा आढावा घेण्यासाठी २०१६ मध्ये नेमलेल्या दोन्ही देशांच्या आठ जणांच्या गटाने २०१८ मध्ये अहवाल तयार केला खरा, पण तो दोन्ही सरकारांनी स्वीकारण्याचा प्रश्नच पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला.

नववी पायरी: कसोटीचा प्रसंग शोधावा

येथपर्यंतचे वाचन कागदाचे होते. आता करार प्रत्यक्ष वापरला गेला, किंवा वापरायला हवा असताना वापरला गेला नाही, असा किमान एक प्रसंग शोधून त्याचा अभ्यास करावा.

फिनलंडसाठी तो प्रसंग ३० ऑक्टोबर १९६१ चा. पश्चिम जर्मनीच्या लष्करी हालचालींचा हवाला देऊन सोव्हिएत संघाने दुसऱ्या कलमाखाली लष्करी सल्लामसलतीची मागणी करणारी नोंद, म्हणजे अधिकृत राजनैतिक पत्र, हेलसिंकीला पाठवली. अध्यक्ष केकोनेन त्या वेळी अमेरिकेच्या दौऱ्यावर, हवाईत होते. चौथ्या पायरीतील तिसरा प्रश्न आठवावा: धोका ‘सिद्ध झाल्यास’ असे कलम म्हणते, पण तो सिद्ध कोणी करायचा? फिनलंडचे म्हणणे होते की हे दोघांनी मिळून ठरवायचे. नोंदीचा सूर असा होता की मॉस्कोला पटले की झाले. नोव्हेंबरमध्ये केकोनेन यांनी नोवोसिबिर्स्कला जाऊन सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांची भेट घेतली आणि सल्लामसलत पुढे ढकलली गेली. दरम्यान अध्यक्षपदाच्या निवडणुकीत केकोनेन यांच्याविरुद्ध उभे असलेले ओलावी होंका यांनी माघार घेतली. कलम लागू झाले नाही, एकही सोव्हिएत सैनिक आला नाही, आणि तरीही देशाच्या निवडणुकीचा निकाल जवळजवळ ठरून गेला. ‘फिनलंडायझेशन’, म्हणजे बलाढ्य शेजाऱ्याच्या कलाने आपले धोरण ठेवणे, हा पश्चिम जर्मनीतील वादांतून रूढ झालेला काहीसा हेटाळणीचा शब्द अशाच प्रसंगांवर पोसला गेला. फिनिश लोकांना तो आवडत नाही, आणि संसद व निवडणुका शाबूत ठेवून बाजारपेठ पश्चिमेकडे उघडी राखणाऱ्या देशाला तो पूर्ण न्याय देत नाही.

नेपाळसाठी प्रसंग मार्च १९८९ चा घ्यावा. चीनकडून शस्त्रे घेतल्यावरून ताण वाढला होता. व्यापार व पारगमनाचे (भारतातून नेपाळी माल नेण्या-आणण्याचे) करार संपल्यावर भारताने दोन वगळता जवळजवळ सर्व सीमानाकी बंद केली आणि भूवेष्टित नेपाळमध्ये इंधनाची टंचाई झाली. या सर्व काळात १९५० चा मैत्री-करार लागूच होता. दबाव आला तो दुसऱ्या, मुदत संपणाऱ्या करारांमधून. म्हणून मैत्री-करार कधीही एकटा वाचू नये, त्याच्या आजूबाजूचे व्यापार, पारगमन व पाणीवाटपाचे करारही यादीत घ्यावेत.

काही प्रसंग अधिक कठोर आहेत. ५ डिसेंबर १९७८ च्या सोव्हिएत-अफगाण मैत्री-करारात सुरक्षेसाठी सल्लामसलत करून परस्परांच्या संमतीने योग्य उपाय योजण्याचे कलम होते; डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा त्याचाच आधार सांगत काबूलमध्ये उतरल्या आणि ज्या सरकारच्या संमतीचा प्रश्न होता त्याचे प्रमुख हाफिझुल्ला अमीन त्याच कारवाईत मारले गेले. रशिया-युक्रेन करारात एकमेकांची प्रादेशिक अखंडता आणि सीमांची अभंगता मान्य करणारे निःसंदिग्ध कलम होते. २०१४ मध्ये क्रिमिया घेतला गेला तेव्हा ते लागू होते. मसुद्यात दोष नसताना करार मोडतो तेव्हा दोष मसुद्यात शोधत बसू नये.

दहावी पायरी: एका पानाचे टिपण

शेवटी सर्व निरीक्षणे एका पानात आणावीत. वर कराराचे पूर्ण नाव, तारीख, ठिकाण, सह्या आणि मुदत लिहावी. मध्ये पाच प्रश्नांची उत्तरे कलम क्रमांकासह द्यावीत आणि प्रत्येक ठिकाणी मूळ क्रियापद जसेच्या तसे उतरवावे. ‘मदत करील’, ‘सल्लामसलत करील’, ‘कळवील’ आणि ‘सल्ल्यानुसार चालेल’ यांना एकाच ‘सहकार्य करील’मध्ये गुंडाळू नये. खाली सोबतच्या पत्रांतील मजकूर, आधीच्या कराराशी असलेला फरक आणि कसोटीचा एक प्रसंग घ्यावा. स्वतःचे मत शेवटच्या दोन ओळींत वेगळे लिहावे, म्हणजे पुढे मत बदलले तरी वरचे टिपण कामाचे राहते.

फिनलंडचे टिपण करणाऱ्याने शेवटच्या रकान्यात आणखी दोन तारखा लिहाव्यात. २० जानेवारी १९९२ रोजी रशियाशी नवा, लष्करी कलमे नसलेला करार झाला आणि १९४८ चा करार इतिहासजमा झाला. ४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड नाटोचा सदस्य झाला. मॉस्कोतील त्या सहीला पंचाहत्तर वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा दोन दिवस बाकी होते.

सरावासाठी १२ डिसेंबर १९९६ चा भारत-बांगलादेश गंगा पाणीवाटप करार घ्यावा. तो तीस वर्षांचा आहे, म्हणजे आठव्या पायरीपासूनच सुरुवात केलेली बरी. १९७२ च्या मैत्री-कराराचे पूरनियंत्रण व नदीखोऱ्यांविषयीचे सहावे कलम शेजारी ठेवावे आणि नकाशावर गंगेवरील फराक्का बंधारा शोधून कामाला लागावे.